गोदा पडद्यावर आली तो हिवाळा

आमच्या मयूर विहारात थंडी आली हे सगळ्यात आधी रजयांना कळतं. कोणीतरी एक बाई पहिली रजई बाल्कनीच्या कठड्यावर टाकते, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर सोसायटीभर रजया लोंबताहेत. लाल, हिरव्या, मोठमोठ्या फुलांच्या. डांबरगोळ्यांचा वास पार जिन्यापर्यंत येतो. आज सकाळी समोरच्या भाटियाबाईंची रजई बाहेर आली. मी चहा घेऊन उभी होते. म्हटलं, आली बाई. आली परत.

मला थंडीचं वावडं कधीच नव्हतं. मिरजेहून लग्न होऊन दिल्लीला आले, तेव्हा पहिल्या वर्षी मी साडीवर साडी नेसून बसायचे आणि शेजारची पंजाबीण पोट धरून हसायची. मग सवय झाली, मग आवडायलाच लागली. दुपारी चटई टाकून उन्हात बसायचं, मटार सोलायचे, सोलता सोलता निम्मे तोंडात टाकायचे. दिल्लीचं हिवाळी ऊन माहेरच्या माणसासारखं असतं बघा. येतं थोडा वेळ, पण लाड करून जातं. यंदा मात्र त्या उन्हाकडे बघवत नाही. गेल्या हिवाळ्यात ह्याच बाल्कनीत, ह्याच उन्हात आमचे हे बसलेले असायचे, आणि एक शब्द जुळवत असायचे.

सांगते. आमच्या ह्यांना, म्हणजे मधुकररावांना, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात निम्मा सावरला, वाचा मात्र गेली. गेली म्हणजे कशी, तर कळत सगळं होतं. पेपर उघडून बसायचे, बातमी वाचून कपाळाला आठ्या घालायचे. पण शब्द मागितला की मिळायचा नाही. 'चहा' म्हणायचं तर 'च'पर्यंत यायचे आणि तिथेच उंबऱ्यात अडल्यासारखे थांबायचे. 'हो' म्हणायचं तिथे 'नाही' यायचं, आणि मग स्वतःवरच चिडायचे. 'च्यायला' मात्र अगदी स्वच्छ यायचं! आरतीसुद्धा यायची, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत, कुठे न अडखळता. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चपला घालून पेढे आणायला निघाले होते. मला वाटलं, झालं, आलं सगळं परत.

बोलण्याचा व्यायाम करून घ्यायला नेहा नावाची मुलगी घरी यायची. लहानशी, चटपटीत, पाठीला ही एवढी मोठी सॅक. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "आंटी, वो याद का बोलना है. पाठ किया हुआ. गाली भी वैसी ही है, अपने आप निकल आती है. अपना बोलना अलग होता है."

अपना बोलना. तेवढंच तर मला हवं होतं हो. एकदा, एक पूर्ण वाक्य, त्यांचं स्वतःचं, मला उद्देशून. कसलंही चाललं असतं. 'भाजीत मीठ जास्त झालंय' असं म्हणाले असते तरी मी सोसायटीभर गोड वाटलं असतं.

नेहानं दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त लागली. म्हणाली, "आप शब्द बहुत जल्दी दे देती हैं. अंकल 'च' बोलते हैं, आप कप लेकर खड़ी हो जाती हैं. फिर वो क्यों ढूँढेंगे? आप रुकिए. चाहे कितना भी मन करे, रुकिए."

आता त्या पोरीला काय सांगू, की ह्यांना शब्द देणं हे माझं कामच होतं. रीतसर, मंडळानं नेमून दिलेलं.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आमची मीनल नुकती रांगायला लागली होती. असाच हिवाळा. मराठी मंडळानं नाटक बसवायचं ठरवलं. नाटक तरी कसलं, एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरून काळ्यांनी स्वतःच बेतलेलं. काळे दिवसा ऑडिट करायचे आणि संध्याकाळी दिग्दर्शन, आणि दोन्हीकडे लोकांच्या चुका काढायचे. गोष्ट साधी होती. कृष्णाकाठचं एक गाव, पेशवाईचे शेवटचे दिवस. सदाशिव आणि गोदा लहानपणापासून एकमेकांचे. सदाशिव फौजेबरोबर उत्तरेकडे जातो आणि वर्षानुवर्षं त्याचा पत्ताच नाही. तो पडला अशी बातमी येते. गोदेचं लग्न लावून देतात. आणि ज्या दिवशी ती नावेतून सासरी निघते त्याच दिवशी हा घाटावर येऊन उभा राहतो. आम्ही बायका हसायचो, उत्तरेकडे गेलेला पुरुष तो, आपल्या नवऱ्यांसारखाच, बदलीवर.

सदाशिव आमचे हे झाले. उंच होते, आवाज घुमारदार, नाकही तसं पेशवाईतलंच. गोदेला कोणी मिळेना. शेवटी रूथ गायकवाड उभी राहिली. रूथ नगरची, ख्रिश्चन, इथे एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. मंडळातल्या एक काकू पुटपुटल्या, "गोदा म्हणजे भटाची लेक, आणि रूथ कशी गं करणार?" रूथनं ऐकलं. म्हणाली, "काकू, नऊवारी तुमच्यापेक्षा चापून नेसते मी. आजीनं शिकवलीय. ती चर्चला नऊवारीतच जायची, आणि मंडळींच्या पुढच्या बाकावर बसायची." त्या दिवसापासून रूथ माझी मैत्रीण, ती आजतागायत.

उरला प्रश्न प्रॉम्प्टरचा. शिकलेल्या बायकांना एक तर नाटकात कामं हवी होती, नाहीतर त्या नोकरीला जायच्या. काळे माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला वाचता येतं ना? मग बसा विंगेत."

वाचता येतं म्हणजे काय, सातवीपर्यंत शाळा झालेली. ओळीखाली बोट धरून वाचायचे मी. विंगेतल्या मिणमिणत्या उजेडात जागा सापडली नाही तर काय, ह्या धास्तीनं मी सगळं नाटकच पाठ केलं. सदाशिवाचं, गोदेचं, तिच्या बापाचं, नावाड्याचंसुद्धा. पोळ्या लाटताना, मीनलला थोपटताना, रॉकेलच्या रांगेत. मग नाटकात हे एवढं, तर मुळात काय असेल म्हणून कादंबरी मागून आणली. ती संपली, तशी दुसरी आणली. माझं वाचनबिचन जे काही आहे ते तिथून सुरू झालं.

आणि आमच्या ह्यांना पाठ होत असे सगळं, फक्त एक वाक्य सोडून. शेवटच्या प्रवेशातलं, घाटावरचं. 'गोदे, जाऊ नकोस म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही. तरी म्हणतो. जाऊ नकोस.' तिथे आले की थांबायचेच. मान विंगेकडे वळायची. मी हळूच वाक्य द्यायची, मग ते रूथकडे वळून म्हणायचे, आणि काय सुंदर म्हणायचे!

काळे कपाळ बडवून घ्यायचे. "मधुकरराव, अहो, कचेरीतल्या फाइलींचे नंबर तोंडपाठ तुम्हाला, आणि एक 'जाऊ नकोस' पाठ होत नाही?"

"राहू द्या हो काळे," रूथ म्हणायची, "त्यांना ते वाक्य ऐकायची सवय आहे, म्हणायची नाही."

प्रयोगाच्या दिवशी हॉल गच्च भरलेला. शाली, मफलर, पोरांच्या कानटोप्या. शेवटचा प्रवेश आला. हे थांबले. मी वाक्य दिलं. नेमकं कोणाचं तरी पोर रडलं आणि ह्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. माझ्या डोक्यावरच माइक टांगलेला, माझ्या लक्षातच नाही! अख्ख्या हॉलमध्ये माझा आवाज घुमला, "जाऊ नकोस!" तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आम्ही कुठे चाललोय, बसलोय की!" हॉल असा हसला म्हणून सांगू. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रूथ मात्र जागची हलली नाही. हसू ओसरेपर्यंत तशीच उभी, नजर खाली, हातात पदराचं टोक. आणि मग हे बोलले. पण रूथकडे बघून नाही. सगळं वाक्य त्यांनी विंगेकडे बघत म्हटलं. काळे नंतर म्हणाले, "नायिका डावीकडे, नायक उजवीकडे बघतोय, हा कुठला घाट?" पण टाळ्या पडल्या, खूप पडल्या.

घरी आल्यावर मीनलला झोळीत टाकलं आणि म्हटलं, "अहो, तेवढं वाक्य मला म्हणून दाखवा ना. आता इथे कोणी नाही."

हे मफलर सोडत होते. "कुठलं?"

"तेच. घाटावरचं."

तर हसले, आणि म्हणाले, "अगं, ते तर तूच दिलेलं आहेस. तुझंच तुला काय परत करू?"

झालं. एवढंच. सगळ्या संसारात मी पुन्हा मागितलं नाही आणि त्यांनी म्हटलं नाही. भांडलो, हसलो, मीनलचं लग्न केलं, हा फ्लॅट घेतला. प्रेमाचं बोलायची आमच्या पिढीला रीत नव्हती, आणि मला त्याची खंतही नव्हती. शेंगदाणे सोलून मूठभर माझ्या पुढ्यात सारायचे, मी समजून घ्यायची. पण समजून घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे वाचा गेल्यावर कळतं.

तर गेल्या हिवाळ्यात काय झालं, त्याच कादंबरीवर सिनेमा आला. मीनल गुरुग्रामहून फोनवर अक्षरशः किंचाळली, "आई! तुमच्या नाटकाचा पिक्चर येतोय! नोएडाच्या मॉलमध्ये मराठीत शो आहे, बिल्कुल सोडायचा नाही." तिनं मोबाइलवर त्याची जाहिरात पाठवली. मी ह्यांच्यापुढे फोन धरला. नदी, धुकं, घाट, घोड्यावरून येणारा तो. हे बघत राहिले. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि फोनकडे बोट करून म्हणाले, "मी." हो, 'मी' म्हणाले! कोणी न देता. नेहानं त्या दिवशी जाताना त्यांच्याशी हात मिळवला. म्हणाली, "अंकल, हीरो थे आप? बताया नहीं!"

त्यानंतर ह्यांनी एकच ध्यास घेतला. सकाळी ऊन आलं की बाल्कनीत खुर्ची. घशातून 'ज' काढायचा. 'ज… ज…' ओठ आवळायचे, सोडायचे. कशासाठी ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. मी समोर बसून मेथी निवडत असायची. वाक्य माझ्या जिभेवर तयार. नुसता ओठ हलवला असता तरी त्यांनी उचललं असतं. पण नेहानं बजावलेलं, रुकिए. शिवाय मला वाटायचं, हे वाक्य तरी ह्यांनी स्वतःहून आणावं. इतकी वर्षं मी दिलं, आता एकदा त्यांच्याकडून येऊ दे. मी मेथीची पानं खुडत राहायची. देठंही खुडून टाकायची, कळायचं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला गेलो सिनेमाला. सकाळचा खेळ. हॉलमध्ये अख्खी दिल्ली-नोएडाची मराठी मंडळी लोटलेली, हळदीकुंकवाला जमावी तशी. म्हाताऱ्यांच्या पर्समध्ये तिळगुळाच्या पुड्या, पुण्याहून नोकरीला आलेल्या पोरांच्या मांडीवर पॉपकॉर्नच्या बादल्या. मीनल एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये हे. नवा कोट घातला होता. केस मी चापून बसवून दिले होते.

सिनेमा देखणा होता, नाही म्हणत नाही. पण काय हो ते एकेक! गोदा झोपेतसुद्धा नथ घालून. पहाटे उठते तर काजळ जागच्या जागी. नऊवारीचा कासोटा असा सैल की ही बाई घाटाची एक पायरी उतरू शकणार नाही. मी मीनलच्या कानाशी लागत होते आणि ती "आई, यार, चूप ना" करत होती. ह्यांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. मध्यंतरापासून त्यांचे ओठ हलायला लागले होते. तयारी चालली होती. विंगेत उभा असलेला नट प्रवेशाच्या आधी स्वतःशी पुटपुटतो ना, तसं.

आणि घाट आला. नाव. धुकं. गोदा नावेत पाय ठेवते. सदाशिव पायऱ्या उतरून येतो, थांबतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ, आणखी जवळ. डोळ्यांत पाणी. सारंगी वाजते. आणि तो काही बोलतच नाही! वाक्यच काढून टाकलेलं. दिग्दर्शकाला वाटलं असेल, नजरेतून सगळं सांगू. नाव निघते, धुक्यात जाते, सारंगी वाजत राहते.

त्या मुक्या घाटावर आमचे हे एकटे बोलायला लागले. "ज…" म्हणाले. मोठ्यानं. "ज… ज…" पुढच्या रांगेतला पोरगा वळला. "काका, प्लीज." मीनलनं त्याला दबक्या आवाजात काहीतरी झापलं. ह्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. मला वाक्य मागत होते ते.

माझ्या तोंडात होतं. अगदी दातांच्या मागे होतं. मी दिलं नाही. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि थांबले, नेहानं शिकवलं तशी. मनात म्हणत होते, आणा, आणा, येतंय, आणा. 'ज' थरथरला आणि विझला. मग दिवे लागले, लोक उठून कोट घालायला लागले, आणि हे म्हणाले, स्वच्छ, खणखणीत, "च्यायला."

मागच्या रांगेतल्या आजी हसल्या. मीनल हसली. मीही हसले. तुम्हाला सांगते, असं हसणं माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

परत येताना गाडीत मीनल स्टिअरिंगवर हात आपटत होती. "लाइनच काट दी, बाबा! बताओ! मेन लाइन होती ना ती?" हे खिडकीबाहेर बघत होते. यमुनेवर धुकं होतं, खरंखुरं, पिवळट, घसा खवखवणारं.

त्या दिवशी रूथचा फोन आला. ती आता नगरला असते, भावाकडे. "काय गं सुमन, माझ्या जागी कोण आहे?"

"कोवळी पोर आहे. नथ घालून झोपते."

"अगं बाई! नाक कापेल ना तिचं!" मग म्हणाली, "त्यांनी म्हटलं का गं? ते वाक्य?"

मी तिला सगळं सांगितलं. रूथ जन्मभर रुग्णांत वावरलेली. म्हणाली, "दिलं असतंस तर पाठ केलेलं निघालं असतं, आरतीसारखं. नाही दिलंस, ते बरोबरच केलंस." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पण मी असते ना, तर दिलं असतं."

मी त्यावर अजून विचार करते. नेहा बरोबर होती. रूथही बरोबर होती. दोघी बरोबर असल्या की मधल्या माणसानं कुठे जायचं?

पुढच्या दिवसांत हवा फार बिघडली. सूर्य म्हणजे नुसता लिंपलेला ठिपका. ह्यांनी बाल्कनी सोडली नाही. मी शाल घालायची, ते खांदे उडवून टाकायचे. 'ज' सुटला होता आता. दुसरंच काहीतरी जुळवत होते, कुठल्याच अक्षरावर न थांबता, नुसते ओठ. मला ओळखू येईना. नाटकातलं नव्हतं ते, एवढं नक्की. नाटक मला सगळं पाठ आहे. म्हणजे त्यांचं स्वतःचंच काहीतरी होतं. मी रोज मेथी घेऊन बसायचे आणि वाट बघायचे, पावसाची बघावी तशी.

मग खोकला झाला, मग ताप, मग छातीत कफ. नोएडातल्या इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथे आत कोणाला बसू देत नाहीत. दुपारी जरा वेळ भेटू देतात, तोंडाला मास्क, पायांत ती निळी पिशवी. बाकीचा सगळा वेळ मी दाराबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर. मीनल म्हणायची, "आई, घरी जा ना, तू पण आजारी पडशील." मी कुठली जाते. दार उघडझाप व्हायचं, आतला यंत्रांचा आवाज यायचा आणि बंद व्हायचा. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. एक दिवस घशातली श्वासाची नळीसुद्धा काढली. मी मीनलला म्हटलं, घरून त्यांचा चष्मा आण.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आत. मी बाहेर होते.

सगळं आवरून निघताना आतली एक सिस्टर धावत आली. जिन्सी नाव तिचं, केरळची, पंचविशीतली असेल. तिच्या हिंदीला त्यांच्या बाजूचा हेल. डोळे भरलेले. म्हणाली, "आंटी, अंकल सुबह बोला. पूरा बोला. मैंने सोचा आपको बताना चाहिए."

मी म्हटलं, "क्या बोला?"

ती म्हणाली, "पता नहीं आंटी. आपकी भाषा में बोला."

मीनल माझ्या दंडाला धरून होती. तिनं विचारलं, एखादा शब्द? काहीतरी? जिन्सीनं आठवायचा प्रयत्न केला, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मान हलवली. तिला काही सापडलं नाही. कसं सापडणार? माझ्यापुढे कोणी मल्याळम बोललं तर माझ्या हाती काय लागेल?

दिल्लीत आयुष्य गेलं आमचं. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, घरात आलं की मराठी. चपला काढाव्यात तशी भाषा काढायचो दारात. हे तर कचेरीत असं हिंदी बोलायचे की लोकांना ते अलाहाबादचे वाटायचे. पण वाचा परत आली ती घरचीच आली, आणि आली तेव्हा ते घरी नव्हते.

तेरावं झालं. येणारे जाणारे थांबले. मीनल म्हणाली, "तुझंच नाव घेतलं असणार बाबांनी." रूथ म्हणाली, "पाणी मागितलं असेल गं. त्याचं नाटक करू नकोस." मला दोन्ही पटलं नाही. माझ्याकडे राहिलेली मीनल ऑफिसला गेल्यावर एका दुपारी मी मेट्रोत बसले आणि एकटीच इस्पितळात गेले. जिन्सीची पाळी संपत होती. खालच्या कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. तिनं माझ्यासाठी चहा आणला, स्वतः घेतला नाही.

मी विचारलं, "प्रार्थना थी क्या बेटा? आरती जैसा कुछ?"

"नहीं आंटी. प्रेयर मुझे पता चलता है. बात किया. जैसे घर में करते हैं."

"घबराए हुए थे?"

"नहीं. आराम से. मेरी तरफ देखके. ऐसे," तिनं तळहात जरासा उलगडून दाखवला, "जैसे कुछ पूछ रहे हैं. अटका नहीं. एक बार में बोला."

एका दमात. न अडखळता. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"फिर तुमने क्या बोला?"

ती ओशाळली. "मैं क्या बोलती. समझ में तो नहीं आया. मैंने बोला, हाँ अंकल, हाँ. पेशंट को ना नहीं बोलते हम."

"फिर?"

"फिर उन्होंने सिर हिलाया. जैसे ठीक है. और आँख बंद की."

आजूबाजूला ताटल्यांचे आवाज होते. कोणीतरी कोणाला तरी फोनवर रिपोर्ट वाचून दाखवत होतं. त्या पोरीचे हात टेबलावर होते, धुऊन धुऊन पांढरे पडलेले. मी ते हातात घेतले. तिला हिंदीत धन्यवाद म्हणायचं होतं, अगदी ओठावर होतं, पण तोंडून मराठीच निघालं. "अगं, मी दाराबाहेरच बसले होते गं," मी म्हटलं. "तिथेच तर होते. नुसतं दार उघडून हाक मारली असतीस तर आले असते."

जिन्सीनं माझ्या हातांवर हळूहळू थोपटलं.

"हाँ आंटी," ती म्हणाली. "हाँ."